फिराव, हात फिराव

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मांडे भाजायचं माळ्यावरचं खापर खाली येतं. वर्षभर ते गोणपाटात गुंडाळून पालथं ठेवलेलं असतं, आणि ते उतरवायला लावायचा मान मोठीमायचा. मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठचं. घर अजून अर्धं धाब्याचं आणि अर्धं स्लॅबचं. गुडघे गेल्यापासून मोठीमाय चुलीशेजारी खुर्ची टाकून बसते, पण पहिला मांडा अजूनही तिच्याच हातचा.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. मांडा लाटून मोठा करत नाहीत. कणीक मळून, तेलपाण्याचा हात लावत कुटून तिला इतका लोच आणायचा की उचलली तर तार सुटावी. दोन पुऱ्यांच्या मध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या, थोडंसं लाटायचं आणि तो गोळा हातांवर घ्यायचा. इथे पोळपाटाचं काम संपलं. पुढे तो दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा आणि पुरेसा झाला की चुलीवरच्या तापलेल्या खापरावर अलगद पसरायचा. आतलं पुरण पिवळं दिसेल इतका पातळ, आणि खापराच्या कडेपर्यंत पोचेल इतका मोठा.

मी शिकत होते तेव्हा माझा मांडा नेहमी एकाच बाजूला लांबायचा. उजवा हात जास्त ओढायचा, आणि मग एका दिशेने पीठ ताणून काचेसारखं व्हायचं, तर दुसरीकडे जाड वळ राहायचा. मोठीमाय ओरडायची नाही. शेजारी येऊन म्हणायची, "एकच बाजूले ताणशी ते फाटी जाई. फिराव, हात फिराव."

मी गणित शिकवते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दोन मुलं शाळेत असताना, पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय मिळाला तो असा: प्रत्येक दिशेला वेगळ्या वेगाने प्रसरण पावणारी विश्वं, आणि त्यांत एकमेकांशी ऊर्जेची देवाणघेवाण करणारी क्षेत्रं. या विषयावर मी सात वर्षं घालवली. पदवी हातात आल्यानंतरही तो सुटलेला नाही, आणि सुटावा असं मला वाटतही नाही.

एक प्रश्न मला तेव्हापासून विचारला जातो. स्टाफरूममध्ये विचारला गेला, मुलाखतीत विचारला गेला, घरातही. "आपलं विश्व तर सगळीकडे सारखंच आहे ना? मग ही वाकडीतिकडी विश्वं सोडवायची कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी सारखेपणाबद्दल. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२ मध्ये काढलं आणि जॉर्ज लमेत्रने १९२७ मध्ये. दोघांनीही धरून चाललेली गोष्ट म्हणजे विश्व सगळीकडे एकजिनसी आहे आणि सगळ्या दिशांना सारखं आहे. असं धरलं की दहा समीकरणांची दोन होतात आणि तीही पदवीच्या मुलाला सुटतात. त्या काळी आकाशाचा एवढा पसारा कोणी मोजलेलाच नव्हता. सोय म्हणून घेतलेली ती गोष्ट होती, आणि पुढे निसर्गाने ती जवळजवळ खरी ठरवली.

खरी ठरली कशी, ते मला नेहमी धाब्यावर झोपल्यावर आठवतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रात्री घरात राहवत नाही. धाब्यावर अंथरूण टाकलं तरी पाठीखालची माती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असते. त्याच वेळी वरून, सगळ्या बाजूंनी, दुसरं एक प्रारण आपल्यावर पडत असतं. त्याचं तापमान केल्विन मापात २.७२५ अंश, म्हणजे उणे २७० सेल्सिअसच्या आसपास. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी ते जाहीर केलं. विश्व सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना सुटलेला तो प्रकाश, ताणत ताणत सूक्ष्मलहरी झालेला. सातपुड्याकडे तोंड करा की अजिंठ्याच्या डोंगराकडे, तो तितकाच. आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने एका दिशेला चालली आहे, त्यामुळे समोरची बाजू काही हजारांश अंशाने उबदार भासते. तेवढी वजाबाकी केली की उरलेला चढउतार लाखात एक भाग. हा चढउतार पहिल्यांदा टिपला तो कोबे उपग्रहाने, आणि निष्कर्ष १९९२ मध्ये आले.

खानदेशात वाढलेल्या माणसाला हे नीट समजायला थोडा वेळ लागतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या प्रदेशाला सगळ्या दिशा सारख्या नाहीतच. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, मध्ये पूर्व-पश्चिम लांबलेलं तापीचं खोरं. आणि तापीसुद्धा मधोमध वाहत नाही, सातपुड्याला खेटून वाहते. त्यामुळे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या लांब नद्या सगळ्या दक्षिणेकडून येतात, आणि उत्तरेकडून अनेर, गोमाईसारख्या आखूड. महाराष्ट्रातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेला निघाल्या, ही पश्चिमेला. जिथे जन्मापासून दिशेला अर्थ आहे, तिथून वर पाहायचं आणि लाखात एक भागापर्यंत दिशेला अर्थच नाही हे पाहायचं. मला तरी त्याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

आणि आश्चर्य वाटलं की प्रश्न येतो: इतकं सारखं का? समोरासमोरच्या दोन क्षितिजांवरून आज जो प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो जिथून निघाला, त्या दोन जागांना साध्या महास्फोटाच्या हिशेबात एकमेकींची खबर लागायलाही वेळ मिळालेला नव्हता. मग त्यांचं तापमान जुळलं कसं? सुरुवातीलाच सारखेपणा धरून चाललेलं समीकरण याचं उत्तर देऊ शकत नाही. ज्याने प्रश्नातच उत्तर घालून ठेवलं, त्याला काय विचारणार? सारखेपणा कुठून आला हे कळायला विषमतेपासूनच सुरुवात करावी लागते आणि ती मरते का, किती वेगाने मरते, कोणत्या परिस्थितीत मरत नाही, हे पाहावं लागतं. वाकडी विश्वं सोडवायची ती यासाठी.

त्या कामाचा नकाशा आइन्स्टाइनच्याही आधीचा आहे. इटलीतल्या लुइजी बिआंकी या गणितज्ञाने १८९८ मध्ये, विश्वाचा विचारही मनात नसताना, एकजिनसी त्रिमित अवकाशांचे नऊ प्रकार वेगळे केले. सगळ्या ठिकाणी सारखे, पण सगळ्या दिशांना सारखेच असतील असं नाही. आमच्या विषयात काम करणारा माणूस ओळख करून देतानाच सांगतो, "मी बिआंकी एकवर आहे," "मी पाचवर." यातला पहिला प्रकार सगळ्यांत साधा: तीन अक्ष, तीन प्रमाणगुणक (त्या त्या दिशेतली अंतरं किती पट झाली ते सांगणारे आकडे), तीन वेग.

पहिल्या प्रकाराचं सगळ्यांत देखणं उत्तर एडवर्ड कास्नरने १९२१ मध्ये दिलं. विश्वात काहीच नाही, ना द्रव्य ना प्रारण, फक्त अवकाश. तीन दिशांतली अंतरं काळाच्या आपापल्या घातांनी बदलतात, आणि त्या घातांवर दोनच अटी: तिघांची बेरीज १, आणि तिघांच्या वर्गांची बेरीजही १. एक त्रिकूट वहीवर करून पाहा: उणे एक तृतीयांश, दोन तृतीयांश, दोन तृतीयांश. बेरीज १. वर्ग १/९, ४/९, ४/९; त्यांचीही बेरीज १. आता काळ आठपट होऊ द्या. पहिल्या दिशेतलं अंतर निम्मं होतं, दुसऱ्या दोन्ही दिशांतलं चौपट. घनफळ निम्मं गुणिले चार गुणिले चार, म्हणजे आठपट. एकूण विश्व वाढतंय, पण एका दिशेने ते आकसत चाललंय.

हे उदाहरण मी पहिल्यांदा सोडवलं ते रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आणि मला हातांवर झुलणारा मांडा दिसला. दोन दिशांना पसरतोय, तिसऱ्या दिशेने, जाडीने, पातळ होतोय. उपमा इथे थांबते, कारण पिठाचं घनफळ कायम राहतं आणि कास्नरचं घनफळ काळाबरोबर वाढतं. तरीही एक दिशा कमी होत असताना दोन वाढण्याची गोष्ट माझ्या हातांना आधीच माहीत होती. कागदावरचं ते उणे चिन्ह मला परकं वाटलं नाही याचं कारण तेच असावं.

या उत्तराच्या कुळात मराठी नावंही आहेत, आणि ती मला आवर्जून सांगायची आहेत. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आणि क. र. करमरकर यांनी १९४६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये याच जातीचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. त्याचं शीर्षक वाचलं तर त्यात 'कुतूहलजनक' अशा अर्थाचा शब्द आहे. सतरा वर्षांनी त्यांच्या मुलाने, जयंत नारळीकरांनी, फ्रेड हॉईल यांच्याबरोबर याच प्रश्नाचं पुढचं टोक हातात घेतलं.

ते टोक असं. रिकाम्या किंवा साध्या द्रव्याने भरलेल्या बिआंकी एक विश्वात विषमता आपोआप विरळ होते. विषमता मोजायला आम्ही शिअर वापरतो. दिशादिशांचे वेग त्यांच्या सरासरीपासून किती ढळलेत याचं माप. घनफळ दुप्पट झालं की शिअर निम्मा. पण हे फार सावकाश होतं, कारण प्रसरणाचा वेगही त्याच वेळी कमी होत असतो. दोघांचं गुणोत्तर पाहिलं तर द्रव्याच्या विश्वात ते काळाच्या व्यस्त प्रमाणात घसरतं, बस्स. अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये दिलेल्या समीकरणात तर हा शिअर प्रसरणाला ब्रेक लावणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. हॉईल आणि नारळीकरांनी १९६३ मध्ये दाखवलं की त्यांचं सी-क्षेत्र, म्हणजे द्रव्य निर्माण करणारं, दिशा नसलेलं (अदिश) क्षेत्र, विश्वाला घातांकी वेगाने पसरवत असेल, तर सुरुवातीची विषमता फार झपाट्याने नाहीशी होते. विश्व सर्व काळी सारखंच दिसतं असं मानणाऱ्या ज्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतासाठी त्यांनी हे केलं, तो १९६५ च्या त्या प्रारणाच्या शोधानंतर मागे पडला. हिशेब मात्र जिवंत राहिला. १९८३ मध्ये रॉबर्ट वॉल्डने सिद्ध केलं की वैश्विक स्थिरांक (आइन्स्टाइनच्या समीकरणांतलं, प्रसरणाला वेग देणारं पद) धन असेल, तर नवव्या प्रकारातले काही अपवाद वगळता सगळी बिआंकी विश्वं घातांकी वेगाने समदिक, म्हणजे सगळ्या दिशांना सारखी, होत जातात. तोवर अतिप्रसरणाची, म्हणजे विश्व जन्मताच क्षणभर प्रचंड वेगाने फुगल्याची, कल्पना आलेली होती आणि सगळं जग त्याच हिशेबाकडे वळलं होतं.

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. अखजी होऊन तीन आठवडे झाले होते. बातमी कळली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासत होते. पेपर बाजूला ठेवले आणि १९६३ चा तो निबंध काढून बसले. ज्यांच्या विज्ञानकथा वाचून आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांच्या मुली गणिताला आल्या, त्यांच्या तरुणपणीच्या कामाचा एक धागा आपल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातून जातो, याची जाणीव त्या दिवशी फार जड झाली.

१९६३ आणि १९८३ च्या मधल्या काळात एक वेगळाच प्रयत्न झाला होता. अमेरिकेतले चार्ल्स मिस्नर यांनी १९६९ मध्ये नवव्या प्रकारच्या विश्वाला 'मिक्समास्टर' नाव दिलं, तिकडच्या स्वयंपाकघरातल्या पीठ-अंडी घुसळायच्या यंत्राचं. या विश्वात एक अक्ष आकसत असताना अचानक उलटतो आणि वाढू लागतो. आकसायची पाळी दुसऱ्या अक्षावर येते. मग तिसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. प्रत्येक उलटीच्या मधला काळ कास्नरच्या उत्तरासारखा. मिस्नर यांची आशा अशी होती की हे असं फिरवून फिरवून प्रकाशाला सगळीकडे हिंडायला सवड मिळेल आणि विश्व घुसळून सारखं होईल. त्याच सुमारास बेलिन्स्की, खालात्निकोव आणि लिफशिट्झ हे सोव्हिएत संघात त्याच उलट्यापालट्यांपर्यंत वेगळ्या वाटेने पोचले. घुसळण खरी निघाली, पण पुरेशी निघाली नाही. १९७३ मध्ये कॉलिन्स आणि हॉकिंग यांनी तर दाखवलं की एकजिनसी विश्वांच्या सगळ्या शक्यता समोर ठेवल्या तर कायमची समदिक होत जाणारी नगण्य आहेत.

मिस्नर यांचा निबंध वाचताना मी हसले नाही, गहिवरले. "फिराव, हात फिराव." एका माणसाने विश्वाला तेच सांगून पाहिलं होतं.

आता क्षेत्रांकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. भौतिकशास्त्रात क्षेत्र म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेली एक राशी. अदिश क्षेत्राला नुसतं मूल्य असतं, दिशा नसते; तापमानासारखं. चुंबकीय क्षेत्राला दिशा असते. विश्वभर एकसारखं चुंबकीय क्षेत्र मानायचं म्हटलं, तर फ्रीडमनच्या विश्वात त्याला जागाच नाही, कारण ते कुठल्या तरी एका दिशेला बोट दाखवणार. त्याला बिआंकी एक लागतं. आणि ते तिथे काय करतं? क्षेत्ररेषांच्या दिशेने ताण देतं, आडव्या दिशांना दाब. ओढलेल्या दोरीसारखं ते त्या दिशेचं प्रसरण धरून ठेवतं. म्हणजे शिअर एकीकडे विरळ होत असतो आणि हे क्षेत्र दुसरीकडून त्याला खाऊ घालत असतं.

तरीही साधं चुंबकीय क्षेत्र प्रसरणात लवकर क्षीण होतं, त्यामुळे वॉल्डचं म्हणणं शेवटी जिंकायला हवं. पण अदिश क्षेत्र जर त्या चुंबकीय क्षेत्राच्या जातीच्या सदिश क्षेत्राशी बांधलेलं असेल आणि स्वतःची ऊर्जा त्याला देत राहिलं, तर? २००९ मध्ये वातानाबे, कान्नो आणि सोदा या जपानी शास्त्रज्ञांनी नेमकं हे केलं. अतिप्रसरण चालू असतानाही विषमता पूर्ण जात नाही असं त्यांना आढळलं. ती लहान होते, फार लहान, आणि मग तिथेच टिकून राहते. सारखेपणाच्या प्रमेयाला दिलेलं हे उत्तर मला या विषयातलं सगळ्यांत सुंदर वाटतं. विषमता जगते की मरते हे नुसत्या पसरण्यावर ठरत नाही. कोण कोणाला काय देतंय यावरही ठरतं.

मांड्यातही तसंच आहे की. पुरण सैल झालं तर पारी फाटते, घट्ट झालं तर पुरण मध्ये गोळा होऊन राहतं आणि पारी एकटीच कडेला पळते. मोठीमाय पुरण वाटताना बोटांत धरून पाहते आणि मग कणकेला हात लावून पाहते. दोघांचा मऊपणा जुळला तर ती ताणताना एक होऊन चालतात.

आजच्या विश्वातली देवाणघेवाण याहून मोठी आणि अंधारातली आहे. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. आजच्या हिशेबात विश्वातल्या ऊर्जेपैकी सुमारे ६८ टक्के हा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा, सुमारे २७ टक्के न दिसणारं कृष्ण द्रव्य, आणि तुम्हीआम्ही, केळी, कापूस, तारे सगळे मिळून ५ टक्क्यांच्या आसपास. नेहमीच्या मांडणीत कृष्ण ऊर्जा आणि कृष्ण द्रव्य एकमेकांकडे बघतही नाहीत. दोघांचा जमाखर्च वेगवेगळा. द्रव्य प्रसरणाबरोबर विरळ होत जातं, कृष्ण ऊर्जा होत नाही, मग आपण असण्याच्या या काळातच दोघं एका मापाची कशी, हा प्रश्न त्यामुळे लटकत राहतो. म्हणून काहीजण दोघांच्या खात्यांत एक पद घालतात. त्याला सगळीकडे क्यू म्हणतात. द्रव्याच्या समीकरणात अधिक क्यू, कृष्ण ऊर्जेच्या समीकरणात उणे क्यू. बेरीज केली की क्यू नाहीसा होतो, एकूण ऊर्जेचा हिशेब चोख राहतो. क्यू धन असेल तर कृष्ण ऊर्जेतून द्रव्याकडे ओघ, ऋण असेल तर उलटा. आणि हे सगळं तीन दिशांना तीन वेग असलेल्या विश्वात मांडलं की ओघ शिअरलाही हात घालतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि आमच्या विषयाबद्दल एक तक्रारही.

या विश्वांची समीकरणं संख्येने कमी आणि अज्ञात राशी जास्त, असा पेच नेहमी पडतो. तो सोडवायला एखादी जादा अट घालावी लागते. सगळ्यांत लोकप्रिय अट म्हणजे शिअर हा प्रसरणाच्या प्रमाणात आहे असं धरणं. मग एक प्रमाणगुणक दुसऱ्याचा घात म्हणून लिहिता येतो आणि उत्तर चटकन बाहेर पडतं. या अटीच्या समर्थनाला निबंधामागून निबंधांत एकच वाक्य असतं: किप थॉर्न यांच्या १९६७ च्या निबंधानुसार हबल प्रसरण (विश्वाचं प्रसरण) सर्व दिशांना सुमारे ३० टक्क्यांच्या आत समदिक आहे. मीही ते वाक्य माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं. मूळ निबंध वाचला नव्हता; दुसऱ्यांच्या निबंधातून उचललं होतं.

एका परीक्षकाने समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं, "मग विषमता कधी मरते?" मी दोन दिवस त्या चार शब्दांकडे पाहत होते. शिअर आणि प्रसरणाचं गुणोत्तरच स्थिर धरलं, तर ती कधीच मरत नाही. ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप, तो मी अट घालतानाच गाडून टाकला होता. आणि ते ३० टक्के? १९६७ मध्ये दीर्घिकांच्या मोजमापांवरून तेवढंच सांगता येत होतं, आणि थॉर्न यांनी ते सचोटीने सांगितलं होतं. त्यानंतर कोबे झाला, मग डब्ल्यूमॅप आणि प्लांक हे उपग्रहही झाले. २०१६ मध्ये प्लांकच्या नोंदी वापरून एका गटाने बिआंकी विश्वांच्या सगळ्या शक्य आकारांचा शोध घेतला आणि विषम प्रसरणाच्या विरोधात १,२१,००० ला १ असा कौल दिला. त्याच्यानंतरही ३० टक्क्यांचं वाक्य छापलं जातं, हे मला टोचतं. अट बदलली की नवा निबंध, क्षेत्र बदललं की आणखी एक. अशाने पानं भरतात, पण आकाशाशी बोलणं होत नाही.

मी ते प्रकरण फाडलं. गुणोत्तर मोकळं सोडलं. मग समीकरणं हाताने सुटेनाशी झाली. महाविद्यालयाच्या संगणक कक्षाची किल्ली शिपाईमामांकडून घेऊन मी संध्याकाळी बसू लागले. वीज गेली की चालू असलेली गणना वाया जायची, म्हणून तुकड्यातुकड्यांनी करायचे. पहिल्यांदा पडद्यावर तो वक्र उतरताना पाहिला तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. देवाणघेवाण शून्य ठेवली तर रेघ सरळ खाली जात होती. सदिश क्षेत्राला अदिश क्षेत्राकडून खुराक चालू ठेवला की रेघ खाली येऊन एका उंचीवर टेकायची आणि आडवी व्हायची. जपानी निबंधात मी हेच वाचलं होतं, त्यात नवं काही नव्हतं. पण ते आता माझ्या हातातून निघालं होतं. बाहेर मामा कुलूप लावायला उभे होते, आणि मला त्यांना बोलावून ती आडवी रेघ दाखवावीशी वाटली. दाखवलीही. त्यांनी नीट पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, हे थांबलं का मग?"

थांबलं नाही, टिकलं. त्या दोन शब्दांतलं अंतर मला त्यांच्या प्रश्नामुळे नीट कळलं.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मी विद्यार्थ्यांना नेते. जंगल, धबधबा, हेमाडपंती मंदिर हे सगळं मुलं बघतातच. मी त्यांना तिथल्या शिलालेखाची गोष्ट सांगते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला देणगी दिली. लेखावर शके ११२८ आहे, श्रावणी पौर्णिमेच्या ग्रहणाचा प्रसंग आहे. मुख्य लेख संस्कृतात, पण शेवटचा देणगीचा भाग जुन्या मराठीत. मला तोच भाग ग्रहगणितापेक्षाही जास्त हलवतो. बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा, आणि जितके घाणे चालतात तितक्यांकडून पळी-पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या तेल्यांच्या घाण्यांमधून पळीभर तेल आकाशाच्या गणिताला जात होतं.

महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांच्या महाविद्यालयांत, प्रयोगशाळा नसताना, दुर्बीण नसताना, आइन्स्टाइनची समीकरणं सोडवणारी माणसं बरीच आहेत. अमरावतीकडे, नागपूरकडे, आमच्याकडे. कागद-पेन एवढ्यावर करता येणारं हे काम आहे, म्हणून ते इथे रुजलं. त्यातलं सगळं चांगलं नाही, ते मी वर लिहिलंच. पण आज कोणी त्याला सरसकट टाकाऊ म्हटलं की मला पळीभर तेल आठवतं. दिलं गेलेलं तेल नीट वापरणं हे आमच्याकडे लागतं.

यंदाच्या अखजीला रात्री मोठीमायला हाताला धरून धाब्यावर नेली. आमरस आणि मांडे पोटात होते, झोक्यांवरच्या पोरींची गाणी गल्लीत अजून चालू होती. ती आडवी पडून वर बघत होती. माझा विषय काय हे तिला मी पूर्वी दोन-तीनदा सांगितलेलं, तिने तो मांड्याशी जोडून ठेवलेला. म्हणाली, "तुन्हा त्या आभायले फिरावस कोन?"

कोणी फिरवत नाही, मी म्हटलं. ते स्वतःच इतकं वाढलं की वाकडेपणा विरून गेला. आणि किती विरला, किती राहिला, ते त्यातल्या क्षेत्रांवर आहे. 'क्षेत्र' हा शब्द तिला सातबाऱ्यावरून माहीत. तिच्यासाठी क्षेत्र म्हणजे वावर. मी ते दुरुस्त केलं नाही. दोन वावरं शेजारी आहेत, म्हटलं, आणि एकातलं दुसऱ्यात जातं.

"बांधमाईन पानी झिरपस, तसं?"

"तसंच."

तिने थोडा वेळ विचार केला. आमच्या नदीकडच्या वावराच्या बांधाशी तिने चाळीस वर्षं काढली आहेत; कोणत्या पावसात पाणी कुठून कुठे मुरतं हे ती पायाने ओळखायची. मग तिने विचारलं, "कोना वावरमाईन कोना वावरमा?"

मी उठून बसले. क्यूचं चिन्ह धन की ऋण, एवढ्या एका गोष्टीसाठी जगभर किती वेगवेगळ्या अटी घालून पाहिल्या जातात.

"आजून कयनं नही, माय."

"मंग देख," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली. सातपुड्याकडून वारा सुटला होता. खाली अंगणात खापर निवायला ठेवलं होतं, आणि त्याच्या कडेला विझत आलेली दोन लाकडं अजून लाल होती.